नुसतं बोलून काय होतं?

सभा संपते, लोक चपला शोधत बाहेर पडतात आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "भाषण झकास झालं हो, पण नुसतं बोलून काय होतं?"

प्रश्न रास्त आहे. भाषणाने रस्ता होत नाही, विहीर खणली जात नाही, तुरुंगाचं कुलूप उघडत नाही. तरीही ज्यांच्याकडे सत्ता नव्हती, पैसा नव्हता, ज्यांच्या बाजूने पोलीस नव्हते आणि स्थानिक न्यायाधीशही नव्हते, अशा माणसांनी गेल्या शतकात बोलण्याच्या बळावर एका बलाढ्य देशाला कायदे बदलायला लावले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची नागरी हक्कांची चळवळ ती हीच. दक्षिणेकडच्या राज्यांत त्यांच्यासाठी शाळा वेगळी, बसमधली जागा वेगळी आणि पाणी प्यायचा नळसुद्धा वेगळा होता. मतदानाचा हक्क राज्यघटनेने १८७० मध्येच दिला होता, पण तो बजावायला गेलेल्या माणसाचं काम जाई, घर जाई, कधी जीवही जाई.

१९५५ ते १९६५ या दहा वर्षांत हे चित्र पालटू लागलं. त्यात भाषणांचा वाटा किती होता आणि शब्दांनी नेमकं काम कसं केलं, ते या प्रकरणात एकेक पायरी चढत पाहू.

१. वीस मिनिटांची तयारी

१ डिसेंबर १९५५, गुरुवार. अलाबामा राज्यातलं मॉन्टगोमेरी शहर. शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स दिवसभराचं काम आटोपून बसने घरी निघाल्या होत्या. तिथल्या बसमध्ये पुढच्या दहा जागा गोऱ्यांसाठी राखीव असत. त्या भरल्या की त्यांच्या मागे बसलेल्या कृष्णवर्णीयांनी उठायचं, अशी रीत होती. ड्रायव्हरने उठायला सांगितलं. पार्क्सबाई उठल्या नाहीत. त्यांना अटक झाली आणि कोर्टाने दंड व खर्च मिळून १४ डॉलर भरायला लावले.

अटकेच्या रात्रीच जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने आपल्या कॉलेजातल्या सायक्लोस्टाइल मशीनवर हजारो पत्रकं काढली. सोमवारी बसमध्ये पाऊल ठेवू नका, असं त्यांत आवाहन होतं. सोमवारी, ५ डिसेंबरला, बस जवळजवळ रिकाम्या धावल्या. दुपारी पुढाऱ्यांनी एक संघटना उभी केली आणि अध्यक्ष म्हणून शहरात नव्यानेच आलेल्या एका सव्वीस वर्षांच्या पाद्र्याला निवडलं. त्याचं नाव मार्टिन ल्यूथर किंग. त्याच संध्याकाळी होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये सभा होती. एरवी रविवारच्या प्रवचनासाठी किंग तासन्‌तास तयारी करत. त्या दिवशी हातात जेमतेम वीस मिनिटं होती.

चर्च खचाखच भरलं होतं. आत जागा न मिळालेले हजारो लोक बाहेर थंडीत लाउडस्पीकरखाली उभे होते. किंग यांनी सुरुवात अगदी साध्या आवाजात केली. गुरुवारी काय घडलं, बाई कोण, अटक का झाली, हे एखाद्या पंचनाम्यासारखं सांगितलं. मग ते अशा अर्थाचं एक वाक्य बोलले की, तुडवले जाऊन जाऊन माणसं अखेर थकतात अशी एक वेळ येते. त्या सभेचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्या वाक्यावर उठलेला कल्लोळ आजही ऐकता येतो. वक्त्याला थांबावं लागलं.

आता विचार करा, त्या वाक्यात नवीन माहिती कोणती होती? एकही नाही. बसमधला अपमान तिथे बसलेल्या प्रत्येकाने सोसला होता. मग कल्लोळ कशाचा?

एक घरगुती उदाहरण घेऊ. रात्री अचानक घरातली वीज जाते. आपल्याला वाटतं, आपलाच फ्यूज उडाला असेल. आपण चाचपडत बसतो. मग गॅलरीत येतो आणि दिसतं की सगळ्या आळीत अंधार आहे, शेजारचेही गॅलरीत आलेत. त्या क्षणी माहिती बदलत नाही, पण तक्रार बदलते. एकट्याची अडचण सगळ्यांची होते आणि कुणीतरी वीज कंपनीच्या कचेरीकडे निघतं.

चांगलं भाषण माणसांना असं गॅलरीत आणतं. 'मी थकलोय' हे ज्याला त्याला ठाऊक होतं. 'आपण सगळेच थकलोय आणि हे आता सगळ्यांना कळलंय' ही जाणीव त्या कल्लोळात जन्माला आली. भीती एकटेपणावर जगते. एकटेपणा गेला की ती निम्मी होते.

पण निर्भय झालेला जमाव हातही उगारू शकतो. म्हणून किंग यांनी लगेच दुसरं पाऊल टाकलं. आपण हिंसेची भाषा करत नाही, निषेध हा लोकशाहीतला आपला हक्क आहे, आणि आपण चूक असू तर देशाचं सर्वोच्च न्यायालय चूक, राज्यघटना चूक, देवही चूक ठरेल, असा युक्तिवाद त्यांनी चढत्या क्रमाने मांडला. त्यानंतर त्यांचे सहकारी राल्फ अ‍ॅबरनथी यांनी ठराव वाचून दाखवला. ज्यांना मान्य असेल त्यांनी उभं राहा, असं सांगताच सगळं चर्च उभं राहिलं.

त्या ठरावातल्या मागण्या किती माफक होत्या, हेही पाहण्यासारखं आहे. ड्रायव्हरांनी सभ्यपणे वागावं, जो आधी येईल त्याला जागा मिळावी (तीही गोऱ्यांनी पुढून आणि कृष्णवर्णीयांनी मागून भरत यायची) आणि कृष्णवर्णीय वस्तीच्या मार्गांवर कृष्णवर्णीय ड्रायव्हर नेमावेत. बस. एवढ्यासाठी लोक ३८१ दिवस पायी चालले, एकमेकांच्या मोटारींतून गेले. नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बसमधला भेदच बेकायदा ठरला आणि डिसेंबरमध्ये तो लागू झाला, तेव्हा कुठे हा बहिष्कार थांबला.

पहिली गोष्ट इथे पक्की करू: परिणामकारक भाषणाच्या शेवटी श्रोत्याला उद्या सकाळी काय करायचं ते कळलेलं असतं.

२. कीर्तनकार आणि टाळकरी

किंग यांचं बोलणं आपण 'भाषण' म्हणून ऐकतो, पण त्याचं मूळ व्यासपीठावर नव्हतं, चर्चमध्ये होतं. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांनी गुलामांना वाचायला शिकवणं कायद्याने बंद केलं होतं. त्यामुळे चर्च हीच शाळा, तेच वर्तमानपत्र आणि तीच पंचायत झाली. किंग यांचे वडील पाद्री होते, आईचे वडीलही पाद्री होते.

तिथलं प्रवचन म्हणजे एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी गप्प ऐकायचं, असं नसतं. मराठी वाचकाला हे समजायला वारकरी कीर्तन आठवलं की पुरे. बुवा चरण उचलतात, टाळकरी ते धरतात, मृदंग चढत जातो, मग बुवा एका दृष्टान्ताकडे वळतात आणि फिरून ध्रुवपदावर येतात. टाळकऱ्यांनी साथ सोडली तर कीर्तन पडतं. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये टाळ नसतात, पण वक्त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर श्रोते 'हो', 'खरंय', 'आमेन' म्हणत साथ देतात. ती साथ ऐकून वक्ता पुढचं वाक्य तोलतो.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकासमोर सुमारे अडीच लाख माणसांपुढे किंग उभे राहिले, तेव्हा हेच घडलं. त्यांच्या हातात लिहून आणलेलं भाषण होतं. बराच वेळ ते त्यातूनच बोलले. जवळच बसलेल्या गायिका महालिया जॅक्सन यांनी मोठ्याने सांगितलं, त्या स्वप्नाचं सांगा. त्यांनी ते स्वप्न आधीच्या सभांत ऐकलं होतं. १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंट इथे आणि १९६३ च्या जूनमध्ये डेट्रॉइटला किंग त्याबद्दल बोलले होते. किंग यांनी कागदावरची नजर काढली आणि जगाला ठाऊक असलेला भाग सुरू झाला. कीर्तनात एखादा जाणता टाळकरी बुवांना योग्य अभंग सुचवतो, त्यातलाच हा प्रकार.

'माझं एक स्वप्न आहे' हे शब्द त्यांनी आठ वेळा उच्चारले. कागदावर एवढी पुनरुक्ती दोष ठरेल. कानाला मात्र तिचा आधार वाटतो, कारण ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. ध्रुवपद परत आलं की तो पुन्हा वाटेवर येतो, आणि पुढचा चरण नवा असल्यामुळे कंटाळतही नाही. दर वेळी स्वप्नात नवं काही येत होतं: जॉर्जियातल्या टेकड्या, मिसिसिपी, अलाबामा, त्यांची स्वतःची चार मुलं. शेवटी डोंगरांची नावं आली आणि त्यांत जॉर्जियातला स्टोन माउंटनही होता. १९१५ मध्ये कू क्लक्स क्लॅन ही वर्णद्वेष्टी संघटना जिथे पुन्हा उभी राहिली, तो हा डोंगर. स्वातंत्र्याचा घोष त्याही डोंगरावरून घुमू दे, असं म्हणताच दक्षिणेतून आलेल्या माणसाला न सांगता अर्थ कळला.

३. न वटलेला चेक

याच भाषणाचा पहिला अर्धा भाग फारसा सांगितला जात नाही. माझ्या मते युक्तिवादाची खरी ताकद तिथे आहे.

आधी एक छोटं उदाहरण. समजा, एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. तिथला रहिवासी सभेत तीन प्रकारे बोलू शकतो. एक: "आमच्यावर दया करा, थोडं पाणी सोडा." दोन: "तुम्ही खालचे सगळे स्वार्थी आहात." तीन: "आपल्याच नियमावलीत प्रत्येक सदनिकेला समान पाणी लिहिलंय. खाली आपल्या सगळ्यांच्या सह्या आहेत. तो नियम आज पाळला जातोय का?"

पहिल्या बोलण्याने ऐकणारा मोठा होतो आणि बोलणारा लहान. दुसऱ्याने भांडण होतं. तिसऱ्याने ऐकणाऱ्याला स्वतःच्याच सहीपुढे उभं राहावं लागतं.

किंग यांनी तिसरी वाट धरली. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्यांनी जणू एक वचनचिठ्ठी सही करून दिली होती आणि प्रत्येक अमेरिकन तिचा वारस आहे, असं त्यांनी मांडलं. कृष्णवर्णीयांनी मात्र ती वटवायला नेली, तेव्हा चेक परत आला, खात्यात शिल्लक नाही असा शेरा घेऊन. न्यायाची बँक बुडाली आहे यावर आमचा विश्वास नाही, म्हणून आम्ही आमचा चेक वटवायला आलो आहोत.

या उपमेने काय साधलं? बँकेत न वटलेला चेक घेऊन गेलेल्या माणसाला आपण कधी मान खाली घालून उभं राहिलेलं पाहिलंय का? तो खिडकीवर ताठ उभा असतो, कारण पैसे त्याचे असतात. दान मागणारा आणि येणं मागणारा यांच्या उभं राहण्यात फरक असतो. एका उपमेने दोन कोटी कृष्णवर्णीय याचकांचे खातेदार झाले.

ही वाट किंग यांच्या आधी शंभर वर्षांपासून मळलेली होती. गुलामगिरीतून १८३८ मध्ये निसटलेले फ्रेडरिक डग्लस हे तिचे मोठे वाटाडे. बारा-तेरा वर्षांचे असताना त्यांनी ५० सेंटला गाजलेल्या भाषणांचा एक संग्रह विकत घेतला आणि त्यातून बोलायला शिकले. ५ जुलै १८५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर इथे त्यांना स्वातंत्र्यदिनानिमित्त बोलावलं होतं. त्यांनी आधी देशाच्या संस्थापकांचा गौरव केला. मग त्यांनी विचारलं की, हा तुमचा सण गुलामाला कसा दिसत असेल? गुलामगिरीला विरोध करणाऱ्यांच्या सभेतच त्यांनी हा प्रश्न केला. राज्यघटना मात्र त्यांनी फेकून दिली नाही. तिचा अर्थ स्वातंत्र्याच्याच बाजूने लागतो, असं ते ठासून म्हणाले.

४. नाव आणि गाव

उपमा, लय, ध्रुवपद ही शिकलेल्या वक्त्याची शस्त्रं झाली. ज्याच्याकडे यांतलं काहीच नाही, त्याने काय करायचं?

फॅनी लू हेमर या मिसिसिपीतल्या बाई वीस भावंडांत सर्वांत धाकट्या. सहाव्या वर्षापासून कापूस वेचत होत्या. शाळा थोडकीच झाली. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी सतरा जणांबरोबर जुन्या बसने त्या इंडियानोला या जिल्ह्याच्या ठिकाणी मतदार नोंदणीला गेल्या. परतताना पोलिसांनी बस अडवली. ड्रायव्हरवर आरोप ठेवला की बसचा रंग चुकीचा आहे. घरी पोचल्यावर मळ्याच्या मालकाने फर्मावलं, अर्ज मागे घे, नाहीतर निघ. अर्ज मी तुमच्यासाठी केला नव्हता, माझ्यासाठी केला होता, असं बाईंनी त्याला सांगितलं. अठरा वर्षं राबलेला मळा त्यांना त्याच रात्री सोडावा लागला. पुढच्या जूनमध्ये विनोना गावच्या तुरुंगात त्यांना अमानुष मारहाण झाली.

२२ ऑगस्ट १९६४ रोजी अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातल्या समितीपुढे त्या साक्षीला बसल्या. मिसिसिपीतून पक्षाने फक्त गोरे प्रतिनिधी पाठवले होते. त्याला आव्हान देणाऱ्या नव्या पक्षाच्या त्या प्रतिनिधी होत्या. कागद न बघता त्यांनी आधी आपलं नाव सांगितलं, मग गल्ली आणि गाव. पुढे जे घडलं ते घडलं त्या क्रमाने सांगितलं: तारीख, बस, मळ्याचा मालक, तुरुंग, मार. विशेषणं जवळजवळ नव्हतीच. शेवटी, हाच आपला देश का, असा सवाल त्यांनी देशालाच केला.

व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना निवडणुकीच्या वर्षात दक्षिणेतले गोरे मतदार दुखवायचे नव्हते. साक्ष चालू असताना त्यांनी घाईने पत्रकारांपुढे बोलायला सुरुवात केली आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे तिकडे वळले. चाल उलटली. त्या रात्री वाहिन्यांनी बाईंची साक्ष मुद्दाम दाखवली आणि दुपारी ऐकली असती त्याहून कितीतरी जास्त माणसांनी ती ऐकली.

कोर्टात साक्षीदाराला आधी नाव-गाव विचारतात, ते याचसाठी की पुढच्या शब्दाची जबाबदारी त्याने घ्यावी. हेमरबाईंनी ती आपण होऊन घेतली. मळा सुटला, मार खाल्ला, तरीही त्यांनी आपला पत्ता जाहीर साक्षीत सांगितला. यापेक्षा मोठा अलंकार त्या भाषणाला लागला नाही.

५. बोलण्यानेच बोलणं अडवणारे

इथे थोडं थांबून दुसरी बाजूही पाहायला हवी. शब्द फक्त न्यायाच्या बाजूने वापरले जातात, असं नाही.

अमेरिकन सेनेटमध्ये सभासदाला कितीही वेळ बोलता येत असे. त्यामुळे नकोसं विधेयक मारायचं असेल तर मतदानाची वेळच येऊ न देण्यासाठी बोलत राहायचं, अशी युक्ती होती. १९५७ च्या नागरी हक्क विधेयकाविरुद्ध स्ट्रॉम थर्मंड हे सेनेटर २४ तास १८ मिनिटं एकटे बोलले. १९६४ च्या विधेयकाला दक्षिणेतल्या सेनेटरांनी असंच लटकवून ठेवलं. शेवटच्या फेरीत रॉबर्ट बर्ड १४ तासांहून जास्त बोलले. किंग यांचं वॉशिंग्टनचं भाषण होतं सुमारे १७ मिनिटांचं.

१० जून १९६४ रोजी ही चर्चा बंद करण्यावर मतदान झालं. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना मेंदूतल्या गाठीमुळे बोलता येत नव्हतं. त्यांना चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आणलं. नाव पुकारल्यावर त्यांनी हात उचलून डोळ्याकडे बोट दाखवलं. इंग्रजीत होकाराचा शब्द आणि डोळा यांचा उच्चार एकच. मत नोंदलं गेलं. ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा संपली आणि २ जुलैला कायद्यावर सही झाली. त्याच महिन्यात एंगल वारले. महिनोन्‌महिन्यांच्या बडबडीला एका मुक्या बोटाने उत्तर दिलं होतं.

म्हणून भाषणाचं मोल त्याच्या लांबीवरून किंवा आवेशावरून ठरत नाही. ऐकल्यानंतर माणसांना कृती करणं सोपं होतं की अवघड, यावरून ते ठरतं.

६. महाडचाही चेकच होता

मराठी वाचकाला हे सगळं वाचताना आपल्या मातीतली एक तारीख आठवली असेल. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेल्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क होता, ओंजळीत पाणी नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेला जमलेल्या लोकांना घेऊन तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले. त्याच वर्षी २५ डिसेंबरच्या भाषणात त्यांनी महाडच्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेशी केली. पाण्याच्या मागणीला त्यांनी माणसाच्या समतेच्या मागणीएवढी उंची दिली.

या दोन लढ्यांना एकमेकांची ओळखही होती. १९४६ मध्ये आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं होतं. १९५९ मध्ये किंग दांपत्य भारतात आलं, तेव्हा मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात राहिलं. आणि १९७२ मध्ये मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली, तिने नाव घेतलं होतं अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरून.

७. मग काय होतं बोलून?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. नुसतं बोलून खरंच फार काही होत नाही. वॉशिंग्टनच्या त्या भाषणानंतर अठराव्या दिवशी अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार कृष्णवर्णीय मुली मेल्या. स्वप्नाने तो बॉम्ब अडवला नाही.

पण त्या चळवळीत नुसतं बोलणं कधीच नव्हतं. किंग यांच्या मागे जो अ‍ॅन रॉबिन्सन यांचं रात्रभर चाललेलं सायक्लोस्टाइल मशीन होतं. वॉशिंग्टनच्या सभेमागे संघटक बेयर्ड रस्टिन यांचं नियोजन होतं. शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, म्हणून उत्तम ध्वनियंत्रणेसाठी ते हटून बसले होते. हेमरबाईंच्या साक्षीमागे मळा सोडलेली ती रात्र होती. भाषणाने या सगळ्या कष्टांना एक वाक्य दिलं, जे घेऊन माणसं दुसऱ्या दिवशी कामाला लागली.

तेव्हा यापुढे एखादं भाषण ऐकाल, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी दोन गोष्टी स्वतःला विचारा. या वक्त्याने मला माझ्याच कोणत्या वचनाची आठवण करून दिली? आणि उद्या सकाळी मी काय करायचं, ते मला कळलं का? दोन्हींची उत्तरं मिळाली तर ते भाषण घरी घेऊन जा.

अटलांटिक सिटीत हेमरबाईंच्या पक्षाला तडजोड म्हणून फक्त दोन जागा देऊ केल्या होत्या. त्यांनी त्या नाकारल्या. ऑगस्ट १९६५ मध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. त्याआधी मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय प्रौढांपैकी ६.७ टक्के मतदार म्हणून नोंदले गेले होते. १९६७ मध्ये ते प्रमाण ५९.८ टक्के झालं. आणि १९६८ च्या अधिवेशनात फॅनी लू हेमर मिसिसिपीच्या प्रतिनिधी म्हणून आपल्या जागेवर बसायला गेल्या, तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं.